तिसरी कॉइल

दवाखान्याचा वायरमन सोपान कांबळे, त्यानं महिन्याभरात तिसरी कॉइल बदलली, तसं डॉक्टरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. विश्रामबागेतल्या त्या हाडांच्या दवाखान्यात सिमेंटचा मोठा टब होता. आखडलेले गुडघे-खांदे घेऊन आलेले पेशंट त्यात गरम पाण्यात बसत. पाणी तापवायची कॉइल टबाच्या तळाशीच, आणि तिचं सगळं झेंगट सोपानच्या गळ्यात.

“चौथी जळाली तर मी मिरजेहून दुसरा माणूस आणतो,” डॉक्टर म्हणाले. “तू तुझं बघ.”

झालं! सोपानची नोकरी अजून कच्ची. या महिन्यात पक्की झाली की बायकोला, मुक्ताला, पलूसहून आणायचं ठरलेलं. आणि ही दीड हाताची कॉइल मुळावर उठलेली.

त्यानं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. वायर नवी ओढली, अर्थिंगचा खड्डा उकरून कोळसा आणि मीठ भरलं, दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धारल्या. सकाळी ताज्या पाण्यात बघावं तर कॉइल ठणठणीत. दुपार झाली की फ्यूज उडालाच. काढून बघावी तर तांब्याची नळी किडीनं खाल्ल्यागत. शेवटी सोमवारी वॉर्डातली कामं टाकून गडी टबापाशीच ठाण मांडून बसला.

दहाचा पहिला नंबर ज्ञानूचा. फौजेतला जवान, लढाईत गुडघ्याचा चुरा झालेला. पाय वाकला नाही तर फौज त्याला कायमचं घरी बसवणार होती. सोपाननं मेन बंद केला, ज्ञानू पाण्यात उतरला. आणि त्याच्या आईनं, रंगूबाईनं, पिशवीतून तीन मुठी खडेमीठ काढून आमटीत टाकावं तसं निवांत टबात टाकलं.

“आवं मावशी, हे काय?”

“मीठ. मुका मार मिठाच्या पाण्यानंच उतरतोय.”

“रोज टाकता?”

“रोजच की.”

सोपानचं टाळकंच सरकलं. टबाचं पाणी बदलायचं ते संध्याकाळी. म्हणजे तेच खारं पाणी पुढच्या पेशंटांसाठी दिवसभर तापायचं, आणि तांबं खायचं. “माझी पक्की व्हायची नोकरी चाललीया त्या मिठापायी, बायकूला आणायचं ऱ्हायलंय! सांगायचं तरी एका शब्दानं.”

“इचारलंस कवा?” रंगूबाई म्हणाली. “रोज हितंच बसती मी. तू येतुस, वायरी बघतुस, जातुस. अन् मीठ एवढं वंगाळ, तर तवा खड्ड्यात पोतंभर काय वतलंस रं?”

महिनाभर त्यानं साऱ्या सांगलीला विचारलं होतं, हिला सोडून. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“डॉक्टरास्नी सांगू नगा,” ज्ञानू पाण्यातून म्हणाला. “झाडपाला, मीठ, काय बी केलं की डिस्चार्ज देत्यात. मागल्या आठवड्यात एकाला घालवलंय.”

ज्ञानू बाहेर आल्यावर सोपाननं पाना उचलला. पाणी काढलं, कॉइल खोलली, आणि दोन दिवस खपून ती बाहेरच्या लोखंडी पिंपात बसवली. आता पिंपात साधं पाणी तापणार आणि नळानं टबात येणार. टबात कुणी काही घालो, कॉइलीला त्याचा वाराही लागणार नव्हता.

“काम चांगलंय,” डॉक्टर म्हणाले. “पण दोष काय होता?”

खरं सांगितलं असतं तर सोपान त्याच दिवशी पक्का झाला असता. जिभेवर आलंच होतं.

“कॉइल टबात नको होती, साहेब. माझ्या ध्यानात उशिरा आलं.”

“म्हणजे तीन कॉइली तुझ्या हयगयीनं गेल्या. मग आणखी सहा महिने कच्चाच राहा.”

सोपाननं पलूसला कार्ड टाकलं, सहा महिने थांब म्हणून. कारण लिहिलं नाही. मुक्ता लय चिडणार हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याचंही मन खट्टू झालं होतं.

टबाकडे आला तर ज्ञानू काठावर बसून गुडघा वाकवत होता. अर्धा वाकत होता.

“झाली का रं पक्की नोकरी?” रंगूबाईनं विचारलं.

“झाली की.”

“मंग आता बायकूला घिऊन ये. एकटं ऱ्हाऊ ने माणसानं.”

“व्हय मावशी,” सोपान म्हणाला.