मी चेपलो आणि सगळे बरे झाले

मी बोलतोय. वर काय बघताय? खाली बघा, पायाखाली. मी फोमचा ठोकळा. उशी म्हणू नका, डोकं फिरतं. उशीवर माणूस आपणहून आडवा होतो. माझ्यावर उभे राहून भलेभले नाइलाजाने आडवे झालेत.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यात कसला तरी घोळ साच्यात ओतला, तो दूध उतू जावं तसा फुगला, थंड झाला, आणि मोठ्या सुरीने त्याचे तुकडे पाडले. माझे भाऊबंद सोफ्यांत गेले, गाद्यांत गेले. त्यांना कापडं मिळाली. मला उघड्या अंगानेच दवाखान्यात धाडलं. शिक्षण नाही, अक्षरओळख नाही. पण जन्म तळव्यांखाली काढला, त्यामुळे माणूस मला खालून वाचता येतो. तोंडाने माणूस खोटं बोलतो. टाचेला ते जमत नाही.

दवाखाना कानाचा. बाहेरच्या बाकावर कमी ऐकू येणारे एकमेकांशी ओरडून बोलायचे आणि चक्कर येणारे भिंत धरून गप्प बसायचे. मी आतल्या खोलीत. तिथे एक डॉक्टरीणबाई अभ्यास करत होत्या. माणसाच्या कानात ऐकण्याच्या सोयीला लागूनच तोल सांभाळायचीही सोय असते. एका बाजूची ती सोय बिघडली, तर कोणता व्यायाम गुण देतो, हे त्यांना शोधायचं होतं. अर्ध्या लोकांना नजर एका जागी ठेवून मान हलवायचा व्यायाम दिला, अर्ध्यांना नुसतं रोजचं चालणं. कुणाला काय दिलंय ते बाईंनाच कळू द्यायचं नाही, असा नियम. मला हा नियम पटला. आपल्या लेकराला मार्क देताना कुणाचाही हात सैल सुटतो.

परीक्षा माझ्यावर व्हायची. चपला काढा, माझ्यावर चढा, हाताची घडी घाला, डोळे मिटा, अर्धं मिनिट उभे राहा. सोपं वाटलं ना? अहो, डोळे मिटले की डोळ्यांची साक्ष गेली. पायाखाली मी असा लिबलिबीत, म्हणजे पायांची साक्षही बाद. उरला एकटा कान. तो धड असेल तर उभे राहाल, नाही तर शेजारी उभ्या असलेल्या ताईंच्या गळ्यात पडाल. ताई म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या. चणीने लहान, पण धरण्यात पक्क्या. पाय एकाच जागी पडावेत म्हणून त्यांनी माझ्या छातीवर दोन पावलं रंगवून ठेवली होती. झालं! तेव्हापासून सगळी दुनिया तिथेच उभी राहायची.

एक दिवस एक रंगारी आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. एका सकाळी उठला तर सगळं घर गरगर फिरलं. पुढे गरगरणं थांबलं, पण चालणं होडीत बसल्यासारखं झालं. बायको मागे, मुठीत त्याच्या सदऱ्याचं टोक.

"काकू, सदरा सोडा," ताई म्हणाल्या.

"सोडते हो. पण हे पडले तर?"

"मी आहे ना धरायला."

"तुम्ही एवढ्याशा, हे एवढे! तुम्हीच खाली सापडायच्या."

"अगं सोड की," रंगारी खेकसला. "मी काय पतंग आहे?"

तिने सोडला. त्याने डोळे मिटले, आणि ताईंनी मोजायला तोंड उघडलं तेवढ्यात तो त्यांच्या खांद्यावर. बायकोने पुन्हा टोक पकडलं.

"हे बघा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "शिडी मी माझ्या भावाकडे ठेवलीय. या ठोकळ्यावर तुम्ही नीट उभे राहिलात की त्याच दिवशी परत आणीन. तोवर जमिनीवर बसून काय रंगवायचं ते रंगवा."

"जमिनीवर? दुकानदार काय मला दुकान आडवं करून देणार आहे?"

पण त्याच्या टाचा थरथरत होत्या. शिडी गेली तर हा माणूस संपला, हे मला तळव्यांनी सांगितलं. आवाज नुसता वरचा होता.

महिने गेले. लोक येत होते, उभे राहत होते, पडत होते. आणि हळूहळू पडेनासे झाले. मान हलवणारे पडेनात, चालणारेही पडेनात. सगळे कसे ताठ! बाई खूश. मी खालून ओरडत होतो, अहो, त्यांचं राहू द्या, माझं बघा! त्या दोन पावलांच्या जागी मी पार चेपलो होतो. लिबलिबीतपणा गेला होता, खाली सरळ फरशी लागत होती. फरशीवर कोण पडतं? पण म्हाताऱ्याच्या कण्हण्याकडे कोण लक्ष देतं? रंगारीसुद्धा अर्धं मिनिट उभा राहिला. बायकोने शब्द पाळला, भावाकडे शिडी आणायला निघाली.

दोन दिवसांनी, सगळे बरे झाले म्हणून बाईंनी केक आणला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्या हौसेने माझ्यावर बसल्या. धाडकन!

"आई गं!" त्या कळवळल्या. हाड थेट फरशीला लागलं होतं.

खोलीत सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. खाली वाकून त्यांनी माझ्या छातीत अंगठा रुतवला. तो तळाला टेकला.

"ताई, पेशंट सुधारले नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "ठोकळा चेपलाय."

ताईंच्या हातातला केक हातातच राहिला. "अगंबाई! रंगारीकाका आज शिडीवर चढणार होते."

फोन लावला. बायकोने उचलला.

"काकू, काका कुठेत?"

"कुठे असणार? शिडीला फडकं मारतायत. एवढं माझ्याकडे कधी बघितलं नाही."

"त्यांना चढू देऊ नका! आमची तपासणी चुकलीय!"

फोनमधून तिची आरोळी आली, "अहो! खाली या आधी!"

मागून रंगाऱ्याची आरोळी, "अगं, मी अजून खालीच आहे!"

दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. माझ्या जागी नवा ठोकळा आला होता. करकरीत, नाक वर. रंगारी त्याच्यावर चढला आणि सरळ ताईंच्या अंगावर.

"पास करता, आणि मग पेपर फुटला म्हणता?" तो बाईंवर उखडला. "मी काय तोंड दाखवू? दुकानदाराला आज येतो म्हणून सांगून बसलोय!"

"चूक आमची आहे," बाई म्हणाल्या. "माणसं तपासत बसलो, ठोकळा तपासला नाही. सगळ्यांना परत बोलावतेय."

सबबी नाहीत, फिरवून बोलणं नाही. बायको सदरा धरून रडत होती. तिलाही शिडी हवी होती हो. तो घरात बसून सुकत चाललेला तिला बघवत नव्हता.

सगळ्यांची पुन्हा परीक्षा झाली. मग कुणाला कोणता व्यायाम होता ते उघड केलं. मान हलवणारे बरेच सुधारले होते, चालणारे थोडेच. रंगारी निघाला चालणाऱ्यांतला. ताईंनी त्याला लगेच मान हलवायचा व्यायाम शिकवला. मला कचऱ्यात टाकायला काढलं होतं, तेव्हा तोच म्हणाला, "याला कुठे टाकताय? मला द्या. याने मला फसवलंय, आता फुकट राबेल."

"मध्ये उभे राहू नका मग," ताई म्हणाल्या. "कडांवर उभे राहा. कडांवर कुणी कधी पाय दिला नाही, त्या अजून नव्या आहेत."

ऐका! माझ्या कडा नव्या आहेत! इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदा बरं बोललं.

त्याच्या स्वयंपाकघरात, ओट्यासमोर माझी जागा झाली. तो माझ्या कडेवर उभा राहून भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत मान डावी-उजवी हलवायचा. बायको भांडी घासताना म्हणायची, "लग्नापासून मला नाही नाहीच म्हणत आलात. आता तर डॉक्टरांनीच करायला सांगितलंय."

"हलवू नकोस मला, खिळा नजरेतून सुटतोय!"

"मी कुठे हलवतेय? मी फक्त बोलतेय."

कधी चिडून तो मला लाथ मारायचा. मारू दे. पडला की आधी मलाच हात लावून उठायचा.

पुन्हा परीक्षेचा दिवस आला. मलाही काखोटीला मारून नेलं, शकुन म्हणून. नव्या ठोकळ्याजवळ जाताच बायकोने हात आडवा केला.

"आधी तुम्ही बसा यावर, डॉक्टर."

बाई निमूटपणे बसल्या. हाड लागलं नाही. मग तो चढला, घडी घातली, डोळे मिटले. डुलला. बायकोचा हात सदऱ्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने तो स्वतःच्या तोंडावर दाबला. तो सावरला. अर्धं मिनिट झालं तरी डोळे उघडेना. ताईच म्हणाल्या, "काका, उतरा, पुढचे पेशंट खोळंबलेत."

हल्ली आम्ही तिघे कामावर जातो. पहिल्या दिवशी त्याने मला शिडीखाली ठेवायचा बेत केला होता, पडलो तर लागायला नको म्हणून. "शिडी डुगडुगेल, अक्कल कुठे गहाण ठेवलीत?" बायकोने हाणलं. तेव्हापासून शिडी पक्क्या फरशीवर असते, आणि शेजारी माझ्यावर बायको बसते, रंगाचा डबा घेऊन. तो वर शीळ घालत अक्षरं काढतो. सदऱ्याचं टोक तिच्या हाताला लागत नाही.

म्हणून ती माझा कोपरा धरून बसते. तो एक पायरी वर गेला की तिची मूठ आवळते, खाली आला की सुटते. त्या कोपऱ्याचा आता चुरा व्हायला आलाय.

काकू, माझ्या चारांतला एवढा एक कोपरा तुमचा. हवा तेवढा आवळा. पण त्याला वरून दिसू देऊ नका.