छपरावरची आई

आमच्या कोंब-नुआर गावात वारशाची साथ आली तेव्हापासून मला अन्न गोड लागेनासं झालंय. गोठ्याला 'आपला वारसा' अशी पाटी, बंद पडलेल्या पाणचक्कीला पाटी, पाद्रीबुवांच्या मोडक्या खुर्चीलाही पाटी. ज्या गोठ्यात आम्ही थंडीपायी गायींना चिकटून झोपायचो, ज्याचा वास अंगाला येतो म्हणून खालच्या शहरातली पोरं आम्हाला बघून नाक दाबायची, तिथे आता तीच शहरातली माणसं येऊन "अहाहा, काय साधं जीवन!" म्हणतात. शिसारी येते मला. आणि या सगळ्याचा म्होरक्या कोण, तर माझा सख्खा धाकटा भाऊ फुल्जांस. वारसा समितीचा अध्यक्ष. टोपीत पीस खोवून हिंडतो.

पाट्यांपर्यंत मी गप्प बसले. मग त्याची नजर माझ्या घराच्या मागच्या छपराकडे वळली.

आमच्याकडे भर हिवाळ्यात माणूस गेलं की पुरायचं कसं हा प्रश्न. जमिनीवर कुदळ मारली तर टणकन उडते. म्हणून मयत चादरीत गुंडाळून छपराच्या उत्तरेच्या अंगाला ठेवायचं, वर बर्फ ओढायचा आणि वसंतात माती मऊ झाली की मग पुरायचं. यात कुणाला भीती वाटायची नाही की नवल. आमची आई नाताळानंतर छातीत कफ होऊन गेली तेव्हा फुल्जांसला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. आमच्या मागच्या खोलीला चूल नाही, माळा नाही, डोक्यावर थेट छपराच्या फळ्या. आईला तिथेच वर ठेवलं.

रोज संध्याकाळी गोठ्यात झोपायला जाण्याआधी आम्ही दोघं त्या खोलीत जायचो. मी झाडूच्या दांड्यानं वरच्या फळीवर तीनदा टकटक करायची आणि फुल्जांस म्हणायचा, "आई, झोप हं." मग श्वास रोखून उभे राहायचो. बाबांनाही हे कधी कळलं नाही.

"तुझं छप्पर हवंय," फुल्जांस माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझंच चीज खात म्हणाला. "जुन्या लाकडी फळ्यांचं तेवढंच उरलंय. पाहुण्यांना दाखवू, आपण मयत कसं ठेवायचो ते."

"मयत कुठून आणणार? उसनं?"

"मीच झोपणार. चादर घेऊन. बाहुली ठेवली तर वाऱ्यानं उडते."

"लाज कोळून प्यायलास का रे? त्याच छपरावर?"

"अगं ओनोरीन, गावात उरलोय कोण? तू, मी आणि चार म्हातारी डोकी. आपण गेलो की कोण सांगणार?"

हे मात्र खरं होतं, आणि मला खोडता येईना.

"छप्पर घे," मी म्हणाले. "लांडगे घाल, भुतं घाल, काय घालायचं ते घाल. पण टकटक नाही. ती आपल्या दोघांची."

"आईची शपथ," तो म्हणाला.

पहिला खेळ रविवारी दुपारी झाला. मी बटाटे सोलत होते. बाहेर लोक गरम वाइनचे पेले घेऊन छपरावर चादरीत पडलेल्या फुल्जांसचे फोटो काढत होते. मग ओरेली, समितीनं ठेवलेली वाटाडी पोरगी, दारातून आत डोकावली.

"मादाम ओनोरीन, दोनच मिनिटं. फक्त मागची खोली."

मी हो-नाही म्हणायच्या आत सगळी झुंड चिखलाचे बूट घेऊन आत शिरली. ओरेलीनं माझ्या दाराआडचा झाडू उचलला.

"आणि आता सगळ्यात हळवा भाग," ती म्हणाली.

मी बटाटा टाकून मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. गुलाबी कपड्यातल्या एका दांडगट माणसानं झाडू घेतला, दांड्यानं फळीवर तीनदा ठोकलं आणि लहान पोराचा आवाज काढून म्हणाला, "आई, झोप हं." लोक खुदखुदले.

आणि वरून उत्तर आलं. टक, टक, टक.

बायका आनंदानं किंचाळल्या. टाळ्या पडल्या. "पुन्हा एकदा!" कुणीतरी ओरडलं. मी तोंडावर एप्रन दाबून सालांच्या बादलीपर्यंत कशीबशी पोचले.

झुंड चीज चाखायला चौकात गेल्यावर मी मागे गेले आणि शिडी काढून बर्फात आडवी टाकली.

"ओनोरीन! शिडी!"

"मयताला शिडी कशाला?"

"अगं, किती आवडलं लोकांना! दोघी तर रडल्या!"

"आईनं कधी उत्तर दिलं होतं का रे?"

चादरीतून त्याचं पांढरं डोकं बाहेर आलं.

"मला रोज वाटायचं, आज देईल," तो म्हणाला.

"मलाही वाटायचं. म्हणून तर तुझी किळस येते."

छप्पर बुटकं आहे. उडी मारली असती तर गुडघाभर बर्फात पडला असता, एवढंच. पण त्याच्यात तेवढीही धमक नाही. मी आत आले, मागच्या खोलीतला चिखल पुसला आणि झाडू उचलला.

वरून टकटक झाली. तीनदा. या वेळी ती कुणाला दाखवायला नव्हती.

दांडा हातात धरून, श्वास रोखून मी उभी राहिले. मग फळीला न लावताच झाडू दाराआड ठेवला आणि उरलेले बटाटे सोलायला बसले.