दोराचं दुसरं टोक

गोल्फच्या गवताचे जेवढे लाड होतात तेवढे आमच्या घाटघरात जावयाचेही होत नाहीत. पाऊस सरला की ते बारीक कापायचं, त्यावर चाळलेली वाळू पसरायची, आणि थंडीत देशी गवत पिवळं पडतं म्हणून दिवाळीआधी त्यातच विलायती बी पेरायचं. मग थंडीभर दहिवर झाडायचं. चेंडू पडायच्या खड्ड्याभोवतीच्या मऊ गवताला इथं ग्रीन म्हणतात. त्यावर दहिवर राहिलं की बुरशी धरते. म्हणून ऊन यायच्या आत लांब दोराची दोन टोकं दोघांनी धरायची आणि ग्रीनवरून ओढत न्यायची.

दुसरं टोक आमच्या ह्यांचं असायचं, लग्न झाल्यापासून दर थंडीत. मध्ये अख्खं ग्रीन, तरी ते जरा थबकले की मला हातात कळायचं. गेल्या वर्षी ते मस्कतला गेले, तिथल्या गोल्फवर, जास्त पगारावर. आता ते टोक आत्यांकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे. त्या मागं राहतात, दोर तिरपा होतो आणि मी चिडते. चिडते त्यांच्यावर, आठवण येते ह्यांची. लई येते.

काल संध्याकाळी ह्यांचा फोन आला. "मुदत संपली. सायेब म्हनतो, आजून दोन वरीस थांब. काय करू?"

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. पण घरातले सगळे कान टवकारून बसलेले असताना नवऱ्याला 'या' कसं म्हणायचं? "तुमचं तुमी बघा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आत्या चुलीपुढून म्हणाल्या, "आगं, ये म्हनायचं ना रामनाथला."

"त्यांना कळत न्हाई व्हय?"

"बापावर गेलाय त्यो. सांगितल्याबिगर त्याला सोताची भूकबी कळत न्हाई."

आज सकाळी आत्या चढावर मागं राहिल्या. मी दोर पसरला. दुसरं टोक ओल्या गवतात तसंच पडलेलं. मला ते बघवेना. ह्यांना व्हिडिओवर फोन लावला आणि त्या टोकाकडे धरला.

"दोर भिजतोय की," हे म्हणाले. तिकडं अजून अंधार होता, चेहरा नीट दिसत नव्हता.

"उचलायला मानूस न्हाई. तुमी या. मला करमत न्हाई तुमच्याबिगर."

मग म्हणाले, "काल बोलायचं व्हतं गं. तुमचं तुमी बघा म्हनलीस, मला वाटलं तुला चालतंय. रातीच सायबाला हो म्हनून बसलो."

मला रडू आलं, आणि माझाच मला राग आला.

तेवढ्यात आत्या धापा टाकत आल्या. माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि टोक उचललं. फोन बंद करायला माझा हात होईना. तो कडेच्या बादलीला टेकवून ठेवला आणि आम्ही निघालो. दोर ताणला गेला. मी तरातरा चालत सुटले.

"उज्ज्वला," बादलीपासून आवाज आला. "हळू. आईला वढू नको."

मी पाऊल आवरलं. आता दोन वर्षं ह्याच चालीनं चालायचं होतं.