हवेचा पाट आणि टोळीचं तेल

जेवायला बसायच्या पाटासारखा मी दिसतो खरा, पण मी लाकडाचा नाही, मित्रांनो. जाड रबरी कापडाचे दोन थर, मधे हजारो दोरे आणि पोटात हवा, एवढाच माझा संसार. हवा भरली की सागाच्या फळीसारखा टणक होतो, सोडली की सतरंजीसारखी वळकटी. आता मी जुना झालो आहे. भामरागडजवळच्या एका गावात राहतो आणि इथे मला सगळे हवेचा पाट म्हणतात. स्वभावाने मी पहिल्यापासून अस्वस्थ. पोटात वारा असलेल्याला स्वस्थता कुठली!

तरुणपणी मी चंद्रपूरकडच्या एका तलावावर होतो. शहरातली माणसे माझ्यावर उभी राहून वल्हे मारायची, फोटो काढायची, कौतुक करायची. काम झाले की मला सिमेंटच्या उतारावरून फरफटत वर नेत. तिथेच माझ्या कडेला, शिवणीजवळ, एक बारीक छिद्र पडले. रात्रीतून मी मऊ पडू लागलो. मग मला कोपऱ्यात टाकले. पुढे तो बोटिंगचा धंदाच बंद पडला. तिथला चौकीदार जंगू घरी निघाला, तेव्हा टाकून द्यायला ठेवलेल्या मला त्याने बसच्या टपावर चढवले.

जंगूचे गाव आणि भामरागडचा बाजार यांच्यामधे एकच नाला आडवा येतो. उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणी नसते, पावसाळ्यात तो कुणाचे ऐकत नाही. गावाचा डोंगा, म्हणजे खोडातून कोरलेली होडी, आदल्या वर्षी पुरात वाहून गेला होता. जंगूने मला बहिणीच्या, कलाबाईच्या, पडवीत ठेवले आणि म्हणाला, याने पोरीले पलीकडे नेता येईल.

ती पोरगी म्हणजे कलाबाईची लेक स्वाती. एकोणीस वर्षांची, बारीक अंगाची, हसरी. तिला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार. एरवी गोळ्यांवर बरी असते, पण दुखणे उठले की सांधे जाळून काढते. मग दवाखाना, सलाईन आणि ऑक्सिजन यांच्याशिवाय तरणोपाय नाही. पावसाळ्यात दुखणे उठले तर काय, या एका प्रश्नाने कलाबाईची झोप उडालेली. म्हणजे तिचा सगळा भरवसा माझ्यावर, आणि मी फुटका.

कलाबाईने मला बाजारातल्या लटारूकडे नेले. लटारू गोंडपिपरीकडचा, सायकलचे पंक्चर काढण्यात हातखंडा. त्याने मला ट्यूबसारखे पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे ठरवले. आता तुम्हीच सांगा, जो तरंगण्यासाठीच जन्मला तो बुडेल कसा? चार माणसे माझ्यावर बसली, तरी मी वरच. मग त्याने हवा भरायच्या तोंडाशीच खटपट केली. छिद्र कडेला आणि उपचार तोंडाला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी कलाबाईने साबणाचा फेस करून माझ्या अंगभर फडक्याने चोपडला. कडेला शिवणीपाशी फुगे आले, एकामागून एक. सापडले! मला रडावेसे वाटले.

लटारूने थिगळ लावले. दुसऱ्या दिवशी ते सुटले. पुन्हा लावले, पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा त्याने नवी ट्यूब कापून मोठे थिगळ लावले, तेही आठवड्यात सालीसारखे निघाले. कलाबाई म्हणे, याचे सोल्युशनच खराब. लटारू म्हणे, ही बाई पाट फरफटत नेत असेल. दोघांचे बोलणे तुटले.

आणि मला खरे कारण ठाऊक होते, मित्रांनो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रोज संध्याकाळी कलाबाई स्वातीच्या गुडघ्यांना टोळीचे तेल चोळायची. टोळ म्हणजे मोहाचे फळ, त्याच्या बियांचे हे तेल. या घरात ते सगळ्यांना लागते, भेगाळलेल्या टाचांना, कुऱ्हाडीच्या दांड्याला, बैलाच्या शिंगांना. स्वातीचे गुडघे झाले की तळहाताला उरलेले तेल ती माझ्या अंगाला लावायची. उन्हाने माझी कातडी तडकू नये, एवढाच तिचा हेतू. किती मायेने लावायची! आणि तिच्या त्या मायेवर एकही थिगळ टिकत नव्हते. मी नुसता आतल्या आत तडफडत होतो.

चौथ्या खेपेला लटारू स्वतःच सायकल घेऊन गावात आला. हातची कारागिरी खोटी ठरते म्हणजे काय, हे त्याच्या जिवाला लागले होते. सकाळी नाला गुडघाभर होता. त्याने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा घसरला. त्याने तो नाकाशी नेला.

"कलाबाई, याले तेल लावून राह्यल्या का तुमी?"

"हो. रोज लावते. पोरीले लावते, तसंच यालेबी."

लटारूने तो तेलकट अंगठा तिच्यापुढे धरला. तेलावर थिगळ कसे धरणार! कलाबाईचा चेहरा उतरला. तिने चुलीतली राख आणली, खाली बसली आणि मला घासू लागली. दुपार होत आली तरी ती थांबेना. मग लटारूने ती जागा पॉलिश पेपरने खरवडली, पेट्रोलने पुसली, दोन्हीकडे सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत सुकवले आणि थिगळ दगडाने ठोकून बसवले. उद्यापर्यंत हवा भरू नका, असे त्याने बजावले.

पण उद्यापर्यंत थांबायला वेळ कुणाकडे होता? वर डोंगराकडे पाऊस झाला होता. चार वाजता नाला छातीवर आला, लटारू गावातच अडकला, आणि त्याच सुमाराला स्वातीने छाती धरली. या वेळी नुसते सांधे नव्हते. तिला श्वास पुरत नव्हता. पाणी तर चढतच होते.

कलाबाईने लटारूला एकच विचारले, थिगळ धरेल का?

"खोटं नाई सांगत, बाई. चारच घंटे झाले. धरंल बी, नाई बी."

"मंग मी हात दाबून धरते त्यावर."

जंगू दोर घेऊन पोहत पलीकडे गेला आणि तो ऐनाच्या झाडाला बांधला. माझ्यात हवा भरली. स्वातीला माझ्यावर निजवले. कलाबाई पाण्यात उतरली, एका हाताने दोर, दुसऱ्याचा तळवा थिगळावर. पोहता न येणारा लटारू गळ्याइतक्या पाण्यापर्यंत मागून आधार देत आला. मधोमध ओढ लागली आणि थिगळाची एक कड उचलली गेली. एक बुडबुडा निसटला, मग दुसरा. मी इतका कधीच भ्यालो नव्हतो. कलाबाईने सगळा जोर त्या तळव्यात आणला. राखेने खरखरीत झालेला तो हात घसरला नाही.

आम्ही पोचलो. जंगूने स्वातीला पाठीवर घेतले आणि बहीणभाऊ दवाखान्याकडे धावत सुटले. मी काठावर तसाच पडून राहिलो. तीन दिवस माझा जीव टांगणीला. रस्त्याने कुणी आले की वाटे, आता बातमी येईल. आणि कसली येईल, कुणास ठाऊक!

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूही माझ्यासारख्याच मुक्या आहेत. त्यांना टाकू नका, फरफटवू नका. आणि माया करताना जरा निरखून बघा, त्यांना नेमके काय सोसते. आमचे दुखणे आम्हाला सांगता येत नाही हो.

चौथ्या दिवशी स्वाती स्वतःच्या पायांनी नाल्यावर आली. पाणी कमरेइतके उतरले होते. लटारूने आदल्या दिवशी येऊन उचललेली कड पुन्हा चिकटवली होती आणि थिगळ आता पक्के वाळले होते, त्याने नखाने उचकटूनही पाहिले. स्वाती माझ्यावर बसली. कलाबाई शेजारून पाण्यातून चालू लागली, तळवा पुन्हा त्याच जागी.

"आई, काढ ना हात आता. वाळलं ते," स्वाती म्हणाली.

कलाबाईने पलीकडचा काठ येईपर्यंत हात काढला नाही.