कांडी आणि खर्रा

मैना गाय पुन्हा उलटली. म्हणजे वळूच्या गोठवलेल्या बीजाची कांडी भरूनही गाभण राहिली नाही आणि माजावर येऊन पहाटेपासून गोठ्यात हंबरत सुटली. तिच्या आवाजाने अर्धं गाव उठलं, उरलेलं केवळरामच्या आवाजाने.

"आता आमगावच्या बाजारात इकून टाकतो. भाकड गायीले कायले तनीस चारू?"

"इकाची नाई," त्याची बायको नंदाबाई शेण ओढता ओढता म्हणाली. "माह्या भावानं देल्ली हाय. तुमच्या भावानं काय देल्लं, थे सांगा आधी."

केवळरामच्या भावाने दिलं काहीच नव्हतं, उलट दोघांच्या शेतांमधला धुरा कोरून हातभर बांधी घेतली होती. केवळराम जरा नरमला.

"या खेपेले शेवटचं. नाई राहिली तं बाजार."

मैनेच्या दुधाच्या पैशावरच त्या घरात नंदाबाईचा शब्द चालायचा. मैना गेली असती तर तिला मीठ आणायलाही नवऱ्याचं तोंड बघावं लागलं असतं.

दुपारी प्रफुल आला. तो डॉक्टर नव्हता, कृत्रिम रेतनाचं तेवढं शिकलेला होता. पण मोटारसायकलला कांड्या ठेवायचं नायट्रोजनचं भांडं बांधलं की आमच्याकडे माणूस डॉक्टरच होतो. आल्या आल्या त्याने केवळरामच्या हातावर चिमूटभर तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवला आणि उरलेला आपल्या गालात सारला.

"डॉक्टर, तुमची कांडीच खराब असंन," नंदाबाई म्हणाली.

"राहूच शकत नाई, काकू. वळूले कितीबी धुतलं तरी बीजात जंतू येतेच. थे बीजाची वाट लावतात. म्हनून गोठवाच्या आधी त्यात अँटिबायोटिक टाकतात. माणसाले भेटत नाई एवढी काळजी घेतात. दोष तुमच्या गायीत हाय."

तुझ्या भावाने दोषी गाय दिली, अशा नजरेने केवळरामने बायकोकडे बघितलं.

आधीच्या दोन्ही खेपांना मैनेचं मुंडकं नंदाबाईनेच धरलं होतं. आज केवळरामने धरलं, म्हणून ती पहिल्यांदाच मागे उभी राहून प्रफुलचं काम बघत होती. प्रफुलने कांडी कोमट पाण्यातून काढून पुसली, कापली. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून कांडीसाठी गायीच्या आत घालायची प्लास्टिकची नळी नेहमीसारखी दातात धरली. नळीवरून खर्ऱ्याचा तपकिरी ओघळ उतरला.

"थांबा डॉक्टर. थे अँटिबायोटिक वळूच्या जंतूसाठी हाय, का तुमच्याबी?"

"काऊन?"

"खर्रा थुका. तोंड धुवा, हात धुवा. नळी दुसरी घ्या."

"डॉक्टर कोन हाय, काकू? तुमी का मी?"

"डॉक्टर तुमीच. गाय माही हाय."

"डॉक्टरले असं बोलतेस?" केवळराम चिडला. त्याच्याही गालात तोच खर्रा होता, त्यामुळे अपमान त्यालाही अर्धा लागू होता.

प्रफुलने खर्रा थुंकला. नुकताच भरलेला होता, जिवावर आलं त्याच्या. नंदाबाईने साबण देऊन त्याचे हात कोपरापर्यंत धुवून घेतले.

मैना गाभण राहिली.

मग गावभर प्रफुल सांगत फिरला, "पाहा अँटिबायोटिकची ताकद." केवळराम पानठेल्यावर सांगे, "मुंडकं मी धरलं म्हनून जमलं." साबणाचं नाव कोणी घेईना. शेजारीण म्हणून मलाच राग यायचा. नंदाबाई नुसती हसायची.

दिवस भरले आणि मैना व्याली. सगळे कालवडीची वाट बघत होते, झाला गोऱ्हा. जर्सीचा, बिनवशिंडाचा, चिखलणीला जुंपायच्या कामाचा नाही.

आठवड्याने गोऱ्हा बघायला आलेला प्रफुल दारातूनच म्हणाला, "काकूनं मधातच थांबवलं होतं मले."

"मी तं तवाच बोल्लो होतो," केवळराम म्हणाला. "आयकते कोनाचं? सारं हिनंच केलं."

नंदाबाई मैनेखालून उठली. बादली काठोकाठ भरली होती.

"हो, मीनंच केलं," ती म्हणाली. "गोऱ्हाबी, अन् हे दूधबी. चहा घेसान का?"

दोघांनीही नाही म्हटलं नाही. आधी तोंड धुऊन या, असं मात्र तिने त्यांना सांगितलं.