दोनदा वळवलेल्या लाटा

बाबांनी नोकरीभर मोजलेल्या लाटा जगाच्या माहिती-कोठारात जायच्या होत्या. देशोदेशीच्या समुद्रांची मापं तिथे एकाच साच्यात, एकाच छपराखाली नांदायची: उंची मीटरमध्ये, दिशा खऱ्या उत्तरेपासून, आणि प्रत्येक आकड्याच्या अंगाशी त्याची पत सांगणारा शिक्का. एक म्हणजे चांगला, चार म्हणजे वापरू नये. हे शिक्के मारायचं काम मापन केंद्रात नोकरी करणाऱ्या लेकीकडे आलं होतं, आणि निवृत्त बाप खुर्चीतून रोज विचारायचा, "गेल्या का माझ्या लाटा?"

"जातील."

"हिच्या हातात दिल्यात म्हणजे बुडाल्याच म्हणा," बाबा आत्याला सांगायचे. "लहानपणी हिला डावं-उजवं कळायचं नाही, आणि ही आता समुद्राला दिशा लावणार!"

आत्या फिसकन हसायची. ते हसू लेकीच्या अंगाला फार पूर्वीपासून चिकटलेलं होतं, कितीही धुतलं तरी न जाणाऱ्या खारासारखं.

घोळ दिशांतच होता. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत थोडा फरक असतो. तेवढी दिशा वळवून घ्यावी लागते. समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयाचं यंत्र ती आपणहून वळवायचं. पण बाबांचा यंत्रावर भरवसा नव्हता. मनात आलं की ते हातानं पुन्हा वळवायचे. त्यामुळे काही महिन्यांच्या लाटा एकदा वळलेल्या, काहींच्या दोनदा. कुठल्या महिन्यांच्या, ते त्यांनी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. आणि त्यांचा सारा मान तर दिशांवरच उभा होता. बंदराचा बांध कुठे वाकवायचा, हे लोक त्यांना विचारून ठरवायचे.

"दीपस्तंभावरच्या वाऱ्याच्या नोंदींशी ताडून बघ," मापन केंद्राच्या प्रमुखबाई म्हणाल्या. "जमलं तर दुरुस्त कर, नाहीतर सरळ चार मार. सही तुझी, निर्णय तुझा."

तिनं एक महिना ताडला. लाटा दोनदा वळलेल्या निघाल्या, लख्ख दिसलं. दुसरा महिना ताडला, तोही लागला. थोडी मान मोडून बसली असती, तर बापाचा सगळा समुद्र सरळ झाला असता.

संध्याकाळी तिनं सहज विचारलं, "बाबा, तुम्ही कधी दोनदा वळवलंत का?"

"मी? मी चुकणार?" बाबांनी कपाळाला हात लावला. "तू मला उत्तर शिकवणार? अगं, तुला तुझ्या सासरची वाट तरी धड सापडली का?"

आत्या फिसकन हसली. लेक त्या घरातून परत आली होती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या दिशांवर चार मारला. आकड्यांसोबत जाणाऱ्या मेटाडेटात 'निरीक्षक' या रकान्यात बापाचं पूर्ण नाव भरलं, काना-मात्रा तपासून. सही केली. लाटा गेल्या.

रविवारी तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी चष्मा चढवला, आपल्या नावावरून बोट फिरवलं, तान्ह्याच्या गालावरून फिरवावं तसं.

"आल्या गं आल्या! आणि हे चार-चार काय लागलंय?"

"वापरू नये."

त्यांना थट्टा वाटली. मग हसू ओठांवरच विरलं. "सगळ्या?"

"सगळ्या."

"कुणी मारले?"

"मी."

आत्या हसली नाही. मग उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेला तो माणूस लेकराच्या आवाजात बोलला, "काही महिने मीच दोनदा वळवलं असेल गं. झालं असेल माझ्या हातून. काढ ना ते चार."

हे ऐकायला ती जन्मभर थांबली होती. आता ऐकलं, तर आत काहीच हललं नाही.

"कुठले महिने?"

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले, एकेक महिना चाचपून सोडून दिला. "नाही आठवत. तुला काढता येईल ना शोधून? तू हुशार आहेस."

"नाही येत, बाबा," ती म्हणाली. लॅपटॉप मिटला, त्यांच्या नाकावरचा चष्मा अलगद उतरवला आणि त्यांचे डोळे पुसून दिले.