शास्त्रातले सहा दिवस

लातूर जिल्हा नवा झाला आणि दोन-तीन वर्षांतच निलंग्याकडं दुष्काळ पडला. सुमनबाई तिथल्या एका गावात ख्रिस्ती मंडळीच्या सेविका होत्या. पाळक महिन्यातून एखादे वेळी यायचे. एरवी प्रार्थना, आजारी माणसं, सगळं बाईंच्याच अंगावर. गेल्या खेपेला पाळकांनी चर्चच्या अंगणात गुडघे टेकून पाणी मागितलं, म्हणून बोअर तिथंच पाडायचा, असं मंडळीनं ठरवून टाकलं.

भूजल खात्याचे बसलिंगप्पा आले. अंगण पाहून म्हणाले, "बाई, खाली समदा घट्ट दगड हाय. शास्त्राप्रमाणं पाणी ओढ्याच्या वळणावर लागंल."

सुमनबाईंना शास्त्र एकच ठाऊक होतं, काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. त्या बसलिंगप्पांच्या मागं ओढ्यापर्यंत गेल्या. बसलिंगप्पांनी दरडीतला दगड फोडून त्यांच्या हातावर ठेवला. आत नखाएवढी गोगलगाय होती, दगड झालेली.

"हितं तळं व्हतं. मग भुईतनं तापलेल्या दगडाचा रस वाहत आला."

"कवा, सायेब?"

"झाली आसतील साडेसहा कोटी वर्षं."

"आमच्या शास्त्रात जग सहा दिवसांत झालं."

"ते तुमी बघा, बाई. मला दगडाचंच कळतं."

दुपारी त्या लिंबाखाली पडल्या. डोळा लागला का जाग्याच होत्या, कळेना. जमीन पातळ होत गेली, तळं झाली. काठानं गोगलगाई निघाल्या होत्या, कुठं जायची घाई नसलेल्या. माणूस नव्हतं, जिवांना नावं देणारं कुणी नव्हतं. तरी कुणीतरी ते सगळं मायेनं पाहत होतं. संध्याकाळ होतच नव्हती. उठल्यावर त्यांच्या मनात आलं, शास्त्रात देवानं सूर्य तर चवथ्या दिवशी केला. मग आधीचे दिवस कशानं मोजले? त्यांचं त्यांनाच हसू आलं.

दिवेलागणीला मंडळी जमली. वडीलधारे केरबा म्हणाले, "पाळकसायबांची प्रार्थना वाया घालवायची का?"

"प्रार्थना पाण्यासाठी व्हती, केरबामामा, अंगणासाठी न्हाई. वढ्याचं वळणबी त्यानंच केलंय. ते वळखणाऱ्याचं ऐकावं."

केरबा उठून गेले. निम्मी मंडळी त्यांच्या मागं गेली. उरलेल्यांनी ओढ्याची जागा कबूल केली.

बोअर ओढ्यावर पडला. आधी नुसती राखाडी धूळ उडाली, मग लाल माती आली, मग गढूळ पाणी. जोर बेताचा होता, पण मंडळीची आणि शेजारच्या बौद्ध वस्तीची तहान भागली. केरबा आले नाहीत, त्यांची सून आली. सुमनबाईंनी तिची घागर भरली आणि उचलून तिच्या डोईवर दिली.